नुसता फ्लॅश

लग्नाची पत्रिका हातात पडली की आजही मी ती दोन दिवस न उघडता ठेवते. जाते मी, नाही असं नाही. आहेर करते, जेवते, नवरीच्या गालावरून हात फिरवते, पण पाठवणीची लगबग सुरू झाली की चपला शोधून सरळ घरी. माघारी म्हणतात, बाई कुजक्या स्वभावाची आहे. म्हणोत. दहा-बारा वर्षं मी लग्नातल्या रडण्याचे फोटो काढले, तेवढ्यावर माझं या जन्मापुरतं भागलंय.

आमचा स्टुडिओ धुळ्यात होता. आमचा म्हणजे ह्यांचा. लग्न होऊन आले तेव्हा फोटो काढून घेतानाही मान कुठे वळवायची ते मला कळायचं नाही. पण दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत ह्यांना मदतीला कुणीतरी लागायचं, म्हणून आधी ट्रे धुवायला लागले, मग प्रिंट काढायला लागले, आणि एक दिवस कॅमेराच गळ्यात आला. गावातली मुसलमान कुटुंबं आमची जुनी गिऱ्हाइकं, कुणी व्यापारी, कुणी कारागीर. त्यांच्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालायचा नाही. ते ह्यांना म्हणाले, "भाभी को सिखा दो ना." ह्यांनी आठ दिवसांत शिकवलं, नवव्या दिवशी मी खांद्यावर बॅटरीची पिशवी अडकवून गेले, घाबरत घाबरत.

त्या पहिल्याच लग्नात मुलगी निघायची वेळ झाली, बायका रडायला लागल्या, मी कॅमेरा डोळ्याला लावला, तशी नवरीची नानी पुढे आली आणि तिने भिंगावर आपला मेंदीभरला तळवा ठेवला. "बस बेटी. अब ये हमारा है." मला काय हायसं वाटलं! कॅमेरा खाली केला आणि त्यांच्यातच उभी राहून मीही दोन टिपं गाळली. त्या नानीसारखी बाई मला पुढे कुठल्याच मांडवात भेटली नाही. भेटायला हवी होती.

मग बाकीच्यांनाही कळलं की ही बाई आत, चुलीपर्यंत, हळदीपर्यंत, थेट नवरीच्या खोलीपर्यंत जाते. खेड्यांतून बोलावणी यायला लागली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रंगीत रोल आले होते, जाड पुठ्ठ्याच्या पानांचे अल्बम आले होते, आणि अल्बमची शेवटची पानं रडण्याची असली पाहिजेत असं एक खूळ निघालं होतं. कुणी काढलं देव जाणे! गिऱ्हाईक दुकानात येऊन बोटांवर मोजायचं. हळदीचे इतके, हार घालतानाचे इतके, पंगतीचा एक. "आणि ताई, रडण्याचे चांगले सात-आठ निघू द्या. शेजाऱ्यांकडे निघाले होते तसे." बाजारात मिरच्या निवडून घ्याव्या, तसं!

आणि रडायचेही हो. काकू नवरीच्या गळ्यात पडायची, हुंदका अर्ध्यावर आणून मान माझ्याकडे वळवायची, "निघाला का?" नाही म्हटलं की उरलेला हुंदका. एकीने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "त्या अंगाने काढू नका, तिकडचा दात पडलाय." पुढे व्हिडिओवाले आले, मग तर विचारूच नका. त्या भगभगीत दिव्यात माणसांच्या तोंडावरची माशी दिसायची. मुलगी आईच्या गळ्यातून सुटून कशीबशी जीपमध्ये बसलेली, आणि हा ओरडतो, "थांबा थांबा, कॅसेट संपली!" की लागलीच तिला खाली उतरवा, पुन्हा आईच्या समोर उभी करा, आणि म्हणा, चला, रडा. त्या रडायच्या! मला त्याचीच शिसारी यायची. मोठी माणसं, डोक्यावर टोप्या घातलेली, पोरीला सांगतायत, मघासारखं रड. आणि मी कुठे होते? मी बाजूला उभी राहून फ्लॅश भरायची वाट बघत होते. मला तरी कुठे निघून जाता येत होतं.

आता फ्लॅशच्या एका बटणाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फ्लॅशच्या पाठीमागे एक बारीक लाल बटण असतं. ते दाबलं की उजेड पडतो, पण कॅमेरा काही चालत नाही, रोलवर काही येत नाही. बॅटरी भरली की नाही ते बघायचं ते बटण. पण लग्नातले फोटोवाले ते भलत्याच कामाला वापरायचे. स्टेजवर आहेर द्यायला दोनशे माणसं चढतात. प्रत्येकाला नवरा-नवरीशेजारी उभं राहून फोटो हवा असतो. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, गिऱ्हाईक म्हणतं चार रोलच्या वर जाऊ नका. मग पाहुणा उभा राहिला, टोपी सारखी केली, हसला, की लाल बटण दाबायचं. लख्ख उजेड. पाहुणा खूश होऊन खाली. आमच्या धंद्यात त्याला नुसता फ्लॅश म्हणायचे. मला हे ह्यांनीच शिकवलं. मी तोंड वाकडं केलं तेव्हा म्हणाले, "अगं, तो काय अल्बम बघायला येणार आहे? त्याचंही समाधान, आपलंही." मला ते पटलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं.

नरडाण्याहून आत एका खेड्यातलं लग्न होतं. वैशाखाचं ऊन, एस.टी.तून उतरले तोवर डोक्याचा भुगा. त्यांचा ट्रॅक्टर घ्यायला आला होता. नवरीचे वडील ती चार वर्षांची असतानाच वारलेले. चुलत्याने वाढवलेली. सगळं गाव त्या चुलत्याला नाना म्हणायचं. धिप्पाड माणूस, आवाज मोठा, पण बोलणं गोड. माणसाचं खरं असेल ते खरं म्हणावं. भावाच्या पोरीला त्याने दहावीपर्यंत शिकवलं होतं, आणि लग्नात हात आखडता घेतला नव्हता. वरण-बट्टीचा घमघमाट पार वेशीपर्यंत येत होता. मुलगा सावद्याकडचा, केळीच्या बागायतीतला. मोठं घर. नानांची छाती त्यानेच फुगली होती.

सकाळी हळदीच्या वेळी मी नवरीजवळ गेले तर तिने माझं मनगट धरलं. हळदीचे हात, माझ्या बाहीला अजून डाग आठवतो. "ताई, एक काम कराल? माझा आणि मायचा एक फोटो काढाल? दोघींचाच. मायचा एकसुद्धा फोटो नाही घरात. मला तिकडे न्यायचाय."

"काढते की," मी म्हटलं. "कुठंय आई?"

"मागल्या खोलीत. तिला मांडवात नाही येऊ देणार."

हे काही मला नवीन नव्हतं. कन्यादानाला काका-काकू बसणार, विधवा आईने शुभकार्यात समोर यायचं नाही, अक्षता पडेपर्यंत मागे थांबायचं. महिनाभर कुरडया, पापड, शेवया तिने करायच्या, रुखवत तिने भरायचं, आणि मुलीच्या डोक्यावर अक्षता पडताना तिने तेवढं दिसायचं नाही. किती घरांत पाहिलं मी हे! पाहून नाक मुरडायचं आणि रोल बदलायचा. पण मुलीने इतकं मनापासून मागितलं की मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आज एक तरी फोटो कामाचा निघेल.

मांडवाच्या दारात नानांनी मला बाजूला घेतलं. कुणीतरी कानावर घातलं असावं.

"ताई, पोरगी काही म्हणाली का तुम्हाला?"

मी सांगितलं.

"त्याचं असं आहे," ते हळू आवाजात म्हणाले, "हा अल्बम जायचाय सावद्याला. तिथं चार माणसं उघडून बघणार. नवी नवरी आणि शेजारी पांढऱ्या कपाळाची बाई. ते बरं दिसत नाही. उद्या काही वाकडं झालं तर तेच दाखवतील. तुम्ही समजदार आहात."

"मग मी तिला नाही म्हणून सांगते."

"नाही नाही, तसं नका करू! नाही म्हटलं तर पोरगी रडेल. आत्ताच रडली तर तोंड सुजेल, डोळे लाल होतील, पुढचे फोटो बठ्ठे खराब. तुमचं ते लाल बटण असतं ना? आमच्या मेव्हण्याच्या लग्नात दाखवलं होतं एकाने. काढल्यासारखं करा. तिचंही समाधान, आपलंही."

ह्यांचेच शब्द, अगदी तेच. मला वाटलं, याच्या तोंडावर पिशवी फेकावी आणि चालत नरडाण्याला जावं. पण फेकली नाही. उलट मी काय म्हणाले माहीत आहे? "बरं." एवढंच. ऑर्डर त्यांची, रोल त्यांचे, मला काय करायचंय, असं मी माझं मला सांगितलं.

दुपारी नवरीला शालू नेसवला तेव्हा मी मागच्या खोलीत गेले. बँडवाले नवऱ्या मुलाला आणायला पारापाशी गेले होते, त्यामुळे घरात शांत होतं. धाब्याचं घर, खोलीत गारवा, कोपऱ्यात बट्ट्यांसाठीच्या पिठाची पोती. आई पोत्याला टेकून बसली होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. लेकीने शिवणाच्या पैशांतून घेतलेली फिकट जांभळी साडी नेसली होती, घडीच्या रेषा तशाच होत्या. आधी मी नवरीचे एकटीचे तीन फोटो काढले, दारातल्या उजेडात. खटका, रोल पुढे सरकवायची पट्टी ओढायची, खटका, पट्टी ओढायची. आई बघत होती. तिने लेकीला इतकं नटलेलं अजून पाहिलंच नव्हतं.

"माय, आता तू ये."

"मन्हा कसाना फोटू वं बेटा?" असं म्हणत म्हणत ती उठली मात्र लगेच. म्हणजे वाट बघत होती. पदर दोनदा सारखा केला. लेकीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, स्वतःचा गाल तिच्या गालाला लावला आणि म्हणाली, "माय, आठे देख. ताईकडे. हास ना जराशी."

आणि आई हसली. इतक्या वर्षांत मी किती तोंडं त्या भिंगातून पाहिली, सांगता येत नाही. लग्नात हसणारी, रडणारी, माझ्याकडे बघून रडणारी. असं तोंड मी पाहिलं नव्हतं. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही, कारण हलू नको म्हणून लेकीने सांगितलं होतं. सगळं नीट होतं, उजेडसुद्धा. बोट खटक्यावर होतं माझं. दाबलं असतं तर कुणाला कळणार होतं? नाना काय माझा रोल उघडून बघणार होते? प्रिंट काढून बाजूला ठेवता आली असती. एवढी साधी गोष्ट, पण मला ती तिथे सुचलीच नाही. कबूल केलं होतं तसं मी डाव्या हाताने ते लाल बटण दाबलं.

लख्ख उजेड पडला. आई तशीच हसत उभी. मग तिची नजर माझ्या हाताकडे आली. मी पिशवीचा पट्टा सारखा करायचं निमित्त केलं.

"आला ना ताई?" मुलीने विचारलं.

"आला," मी म्हटलं.

मग बँड आला, नवरा आला, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली. नाना-काकूंनी कन्यादान केलं. काकूने डोळ्याला पदर लावला, मी फोटो काढला. दोन्ही आत्या गळ्यात पडल्या, फोटो काढला. नाना रडले. तुम्हाला वाटेल, तेही फोटोपुरतं. नाही. ते खरं रडले, उपरण्याने तोंड झाकून, खांदे गदगदत होते त्यांचे. मला ते फारच झोंबलं. खोटं रडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्या सबंध अल्बममधला सगळ्यात चांगला फोटो तोच आला, नानांचा. मीच काढलेला.

पाठवणीला मुलीने मागे वळून विचारलं, "माय कोठे शे?" काकू म्हणाली, येतेय मागून, तू बस. बसली. जीप निघाली. आई मागून आली नाही, म्हणजे तिला येऊ दिलं नसणार. जीप गेल्यावर बघते तो शेवटच्या रोलवर तीन फोटो शिल्लक! रोल अर्धवट काढला तर उरलेले फोटो फुकट जातात, म्हणून नाना म्हणाले, "माझा ट्रॅक्टरवर बसलेला घ्या एक." घेतला. मग त्यांच्या बैलजोडीचे दोन घेतले. बैलांना जागा होती हो रोलवर! घरी येताना एस.टी.त मला ओकारी आली. उन्हाने असेल, असं मी शेजारच्या बाईला सांगितलं.

रोल धुवायला जळगावला जायचे, आठवड्याने फोटो आले. नाना येऊन अल्बम घेऊन गेले. खूश झाले. माझं कौतुक केलं. आणि मी विसरले. म्हणजे विसरायला बघत होते.

श्रावणात एका दुपारी दुकानाच्या पायऱ्या चढून ती आई आली. एकटीच. मी उठून उभीच राहिले. आता ही फोटो मागणार, आणि आपण काय सांगायचं? तिने पाणी मागितलं, प्यायली, पेला विसळून ठेवला. मग म्हणाली, "ताई, पोरनं पत्र उनं. बठ्ठा फोटू चांगला उनात म्हणे, मायना नही उना. कसा नही उना, इचारस."

लेकीला सगळे फोटो मिळाले होते, मायचा तेवढा आला नव्हता. "रोल..." मी सुरू केलं.

तिने हात वर केला. रागाने नाही, एखाद्याला उगाच कष्ट पडू नयेत म्हणून करतात तसा. "माले माहीत शे. तिना फोटूले खटक्कन वाजे. मन्हा टाइमले उजेड पडना, पन आवाज नही उना."

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. तिथेच, लेकीच्या गालाला गाल लावून उभी असताना. कळूनही ती हसत राहिली होती, लेकीला कळू नये म्हणून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मला माफ करा. मला तुमच्या दिरांनी सांगितलं होतं."

"तेबी माहीत शे," ती म्हणाली. मग तिने खरं काम सांगितलं. पोरीला चुलत्याचा संशय आला होता. पत्रात तिने लिहिलं होतं, नानांनी हे मुद्दाम केलं असेल तर मी दिवाळीला त्या घरात पाऊल टाकणार नाही. आईला वाचता येत नाही. पत्र नानांनीच वाचून दाखवलं होतं. "तिले तुम्हीच सांगा, ताई. रोल जयी गया म्हनीसन. तुमना हातनी चूक व्हयनी म्हनीसन." रोल खराब झाला, चूक माझी, एवढं मी लेकीला सांगायचं होतं. मग जमिनीकडे बघत ती म्हणाली, "माले तठेच ऱ्हानं शे."

तिला तिथेच राहायचं होतं. लेकीने चुलत्याशी तोडलं असतं, तर त्या घरात जेवायचं ताट कुणाचं महाग झालं असतं ते मला कळत होतं. तरी मी विचारलं, "तुम्हाला इथं यायचं कुणी सुचवलं?"

तिने दाराकडे पाहिलं. मी उठून बाहेर डोकावले. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी बाकावर नाना बसले होते, एक पाय वर घेऊन, बशीतून चहा पीत. माझ्याकडे पाहून त्यांनी ओळखीचा हात केला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! म्हणजे जिचा फोटो काढू दिला नाही, तिलाच पाठवलं होतं, पाप झाकायला. आणि झाकणार कोण, तर मी. वाटलं, असंच खाली उतरावं आणि भर रस्त्यात त्या माणसाला सुनवावं. पण मागे ती बाई माझ्या उत्तराची वाट बघत हात जोडून उभी होती.

"सांगते," मी म्हटलं.

"तुमचा एकटीचा काढून देऊ का आत्ता?" मी विचारलं. तिने मान हलवली. एकटीचा फोटो घेऊन ती काय करणार होती?

दिवाळीत मुलगी माहेरी आली. पाडव्यानंतर दोन-तीन दिवसांनी दोघी आल्या दुकानात, मायलेकी. मुलगी सासरी जरा भरली होती. गळ्यात मंगळसूत्र, हातात पिशवी. नमस्कार नाही, काही नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, माझा आणि मायचा फोटो कुठंय?"

मी पाठ केलं होतं. "तो आला नाही. माझी चूक झाली."

"बठ्ठे आले. बैलांचे आले. तोच कसा नाही आला?"

"शेवटाला उजेड लागला रोलला. झाकण नीट लागलं नव्हतं. माझ्याच हातून झालं."

"शेवटाला? तो तर दुपारी काढला होता, अक्षतांच्या आधी."

आईने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला सोसेना. मग मी सरळ निर्लज्जासारखं सांगितलं, "खरं सांगू? मी तेव्हा कॅमेऱ्याची पट्टी ओढलीच नव्हती. घाई होती. लक्ष नव्हतं माझं. तुमच्या नानांचा काही संबंध नाही. मीच निष्काळजी."

मुलीला ते खरं वाटलं. तिच्या डोळ्यांतला नानांवरचा संशय गेलेला मी पाहिला आणि त्या जागी माझ्याबद्दलची किळस आलेलीही पाहिली. मला ती ओळखीची होती, मी ती कितीतरी मांडवांत, कितीतरी काकूंकडे बघताना स्वतः बाळगली होती.

"मी तुमचा हात धरून सांगितलं होतं," ती म्हणाली. "एकच मागितला होता. नाना म्हणायचे, बाई आहे, आतपर्यंत येते, तिला बरोबर कळतं. काय कळतं हो तुम्हाला? लोकं रडताना तेवढे टपून काढता. माझ्या मायचा एक नाही काढता आला? विचारलं तेव्हा वर म्हणता, आला!"

"जाऊ दे बेटा," आई म्हणाली. "व्हस चूक मानसनी."

"तू गप, माय. तुले काय माहीत?"

आईला सगळं माहीत होतं, मला सगळं माहीत होतं, आणि जिच्यासाठी हे सगळं, ती एकटी आमच्या दोघींमध्ये उभी राहून भांडत होती. तेव्हा मी घाईघाईने पडदा बाजूला केला, दिवे लावले. "या, आत्ता काढू दोघींचा. एक नाही, दोन-तीन काढू. पैसे नको. बसा ना. इथं आरसा आहे, पावडर आहे." माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतकी मी गयावया करत होते. आई आरशापुढे गेलीसुद्धा. तिने फणी उचलली. तोच मुलीने पुढे होऊन ती फणी तिच्या हातातून काढून घेतली आणि जागेवर ठेवली.

"आठे नही, माय. हिच्या हातचा नको."

आईचा दंड धरून ती पायऱ्या उतरली. समोर, रस्त्याच्या पलीकडे, त्या वर्षीच नवा स्टुडिओ निघाला होता, मोठ्या काचेचा. त्या दोघी तिकडे शिरल्या. मी दिवे बंद करायचे विसरून दारात उभी राहिले. हे आतून विचारत होते, कोण आलं होतं, काय झालं.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. आईचे केस नीट विंचरलेले होते आणि चेहऱ्यावर पावडर होती. मुलगी हसत तिला काहीतरी सांगत होती, पावती घडी करून पिशवीत ठेवत होती. आमच्या दुकानाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आईने पाहिलं. चोरी तिनेच केली असावी तशी मान खाली घातली आणि लेकीच्या मागोमाग स्टँडच्या दिशेने चालू लागली.